सायकलबंदी मसुद्यातच कशी अडवायची? कलम १३८(१अ), पोलिसांची अधिसूचना आणि हरकती

फ्रीव्हील (धागाकर्ता)

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने (१अ) हे पोटकलम आलं. रस्तासुरक्षेसाठी, विनाइंजिन वाहनं आणि पादचारी यांचा सार्वजनिक ठिकाणी आणि राष्ट्रीय महामार्गांवर वावर व प्रवेश कसा असावा याचे नियम राज्य सरकारला त्याखाली करता येतात. बरीच वर्षं ते कागदावरच होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्तासुरक्षेच्या खटल्यात सगळ्या राज्यांना १३८(१अ) आणि २१०ड (रस्त्यांच्या रचना-देखभालीची मानकं) या दोन्ही कलमांखालचे नियम ६ महिन्यांत करायला सांगितलं. न्यायालयाचा रोख पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचे जीव वाचवण्यावर होता. पण ‘प्रवेशाचं नियमन’ हे शब्द वाचून एखादा अधिकारी सरळ ‘अमुक रस्त्यांवर सायकलींना मनाई’ असं लिहून मोकळा होईल, ही भीती आहे.

शिवाय आमच्या शहरात वाहतूक शाखेकडून बाजाराचा मुख्य रस्ता आणि नदीवरचा पूल सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ सायकल व हातगाड्यांना बंद करण्याची चर्चा चालू आहे. पुलाला दुसरा पर्याय ४ किलोमीटर लांब आहे.

जाणकारांकडून हे हवंय: असा निर्बंध नेमका कोणत्या कलमाखाली घालता येतो, हरकत कधी आणि कोणाकडे द्यायची, आणि तिच्यात काय लिहिलं तर ती वाचली जाते. ‘सायकल पर्यावरणपूरक आहे’ एवढंच लिहून काही होत नाही, हे माहीत आहे.

कलमवाचक

आधी कुठलं कलम कोणाला लागतं ते वेगळं करू, कारण प्रस्ताव लिहिणारेही पुष्कळदा चुकीचं कलम टाकतात आणि पहिली हरकत तिथेच बसते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११५. रस्त्यावर वाहनं बंद करायची म्हटलं की सवयीने हेच कलम लिहिलं जातं. पण ते मोटार वाहनांपुरतं आहे. सायकल मोटार वाहन नाही. २(२८) मधली व्याख्या यंत्राच्या जोरावर चालणाऱ्या वाहनांची आहे. तेव्हा ११५ खाली काढलेल्या अधिसूचनेत ‘सायकल’ हा शब्द आला, तर तेवढ्या भागाला त्या कलमाचा आधार नाही.

कलम ११९. अनिवार्य वाहतूक चिन्ह पाळण्याचं बंधन ‘मोटार वाहनाच्या चालकावर’ आहे. लाल वर्तुळात सायकल असलेला फलक नुसता खांबावर लावला म्हणून या कायद्याखाली सायकलवाल्याला दंड होत नाही. फलकामागे सायकलला लागू होणारी वेगळी अधिसूचना लागते.

ती अधिसूचना पोलीस काढतात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३(१)(ब) खाली. इथे मात्र ‘सायकल चालवणाऱ्या व्यक्ती’ असा स्पष्ट उल्लेख आहे. धोका, अडथळा किंवा गैरसोय टाळण्यासाठी रस्त्याच्या वापराचं नियमन करायचा अधिकार पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी यांना मिळतो, आणि नियम मोडल्यास शिक्षा कलम १३१ खाली होते. तुमच्या बाजाररस्त्याचा आणि पुलाचा प्रस्ताव बहुधा याच वाटेने येईल. या कलमाखालच्या नियमांना पूर्वप्रसिद्धी (आधी मसुदा प्रसिद्ध करणं) लागते, तातडीच्या परिस्थितीचा अपवाद सोडून. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: हा नियम आहे की तात्पुरता आदेश? गणपतीच्या मिरवणुकीसाठी ३ दिवसांचा आदेश वेगळा आणि रोजची ७ तासांची कायमची बंदी वेगळी. कायमच्या बंदीला तातडीचं कारण चिकटवलेलं दिसलं तर हरकतीतला तो सर्वांत बळकट मुद्दा.

दुसरी वाट मोटार वाहन कायद्याचं १३८(१अ). त्या नियमांना कलम २१२ लागतं, म्हणजे पूर्वप्रसिद्धी सक्तीची. पूर्वप्रसिद्धी कशी करायची ते सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १८९७ च्या कलम २३ मध्ये आहे: मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल ते सांगायचं, आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्यायच्याच. ‘घ्यायच्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पण त्याच कलमात पुढे पोटकलम (५) आहे: पूर्वप्रसिद्धीनंतर केलेला म्हणून नियम एकदा राजपत्रात छापून आला, की तो रीतसर झाला याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. मागाहून ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणत कार्यपद्धतीवर बोट ठेवणं फार अवघड जातं. जे लढायचं ते मसुद्याच्या मुदतीत.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १३८(१अ) च्या परंतुकाप्रमाणे (कलमाला जोडलेल्या अटीप्रमाणे) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाशी विचारविनिमय करूनच राज्याला नियम करता येतो. तो झाला का, कोणत्या पत्राने झाला, हे मागता येतं.

एक गोष्ट सुटते ती सांगतो. बॅटरीवर चालणारी सायकल. मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर केंद्रीय नियमांमधल्या इतर अटी पाळून ती मोटार वाहन धरली जात नाही. पण १३८(१अ) मधली भाषा ‘यंत्राने न चालणारी’ अशी आहे. म्हणजे ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही. मसुद्यात तिचा उल्लेख नसेल तर व्याख्येतच घालायला लावा, नाहीतर प्रत्येक चौकातला हवालदार आपापला अर्थ लावेल.

चौकमोजणी

कायद्याचं वर आलंच. मी आकड्यांचं सांगतो, कारण ‘सायकलींमुळे कोंडी होते’ हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं आणि त्याखाली मोजणी क्वचितच असते.

इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०६-१९९० हे शहरी रस्त्यांच्या क्षमतेचं मार्गदर्शक पुस्तक वाहतूक अभियंत्यांच्या टेबलावर असतंच. त्यात प्रत्येक वाहनाचा भार ‘किती मोटारींएवढा’ असा धरला आहे. मोटार १. सायकलचं रहदारीतलं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ०.४, १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.५. मोटारसायकल ०.५ ते ०.७५. रिक्षा १.२ ते २. बस-ट्रक २.२ ते ३.७.

आता हिशेब करा. गर्दीच्या तासाला ३०० सायकली जातात असं धरा. ०.५ हा जास्तीचा गुणक लावला तरी भार १५० मोटारींचा. त्याच पुस्तकात दुभाजक असलेल्या चौपदरी मुख्य रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ताशी ३६०० मोटारींएवढी धरली आहे, म्हणजे एका पदराला ९००. ३०० सायकली एका पदराचा सहावा हिस्सा वापरतात. रस्त्याकडेला एका रांगेत उभ्या केलेल्या मोटारी २ ते अडीच मीटर रुंदी खातात, ३.५ मीटरच्या पदरात मग हलायला जागा उरत नाही आणि जवळजवळ अख्खा पदर जातो. बाजाररस्त्यावर सायकल बंद करून पार्किंग तसंच ठेवायचं असेल, तर कोंडी जिथे होती तिथेच राहणार. हरकतीत हे गणित तुमच्या रस्त्याच्या आकड्यांनी घाला.

आकडे आणायचे कसे: चार माणसं, दोन दिवस. एक मंगळवार ते गुरुवारातला दिवस आणि एक बाजाराचा दिवस. सोमवार नको, सुट्टीला लागून आलेला दिवस नको, पाऊस नको. वेळ प्रस्तावातलीच घ्या, म्हणजे ८ ते ११ आणि ५ ते ९, आणि दोन्हीकडे अर्धा तास जास्त. प्रत्येक दिशेला दोघं: एक फक्त सायकली मोजतो, दुसरा बाकी सगळं. १५-१५ मिनिटांच्या रकान्यात पाच-पाचच्या जुड्या मारा. सायकलींचे पोटरकाने ठेवा: शाळकरी मुलं, दूध-पाव-पेपर, कामगार (डबा किंवा हत्यारं अडकवलेली), बाई माणसं, बाकीचे. हे पोटरकाने फार कामाचे, कारण बंदी कोणाच्या पोटावर येणार ते तिथे दिसतं. रकाना भरताना अंदाज चालत नाही. ओळखता आलं नाही तर ‘बाकीचे’ मध्येच टाका. शंभरातल्या दहा नोंदी जरी ओढूनताणून भरलेल्या निघाल्या तरी समोरचा अख्खा तक्ता फेकून देतो.

चुकतं कुठे? चौकाच्या अगदी तोंडाशी उभं राहिलं की वळणाऱ्या सायकली दोनदा मोजल्या जातात. चौकापासून ५० मीटर आत, एक काल्पनिक रेघ धरून मोजा. आणि उलट्या दिशेने येणाऱ्या सायकली लपवू नका, त्यांचाही रकाना ठेवा. ते प्रमाण जास्त निघालं तर त्याचं कारण बहुतेक वेळा दुभाजकातली जागा ८००-८०० मीटरवर असणं हे असतं, आणि तोही तुमचाच मुद्दा आहे.

पुलाच्या वळशाचा हिशेब वेगळा करा. सायकल ताशी १५ किलोमीटर धरली तर १ किलोमीटरला ४ मिनिटं. ४ किलोमीटरचा वळसा म्हणजे एका फेरीला १६ मिनिटं, जाऊन-येऊन ३२. महिन्याचे २५ दिवस धरले तर १३ तासांहून जास्त. कामगाराच्या दीड दिवसाची हजेरी झाली ती.

पदर_आणि_वळण

मी रस्ते आखणीच्या बाजूचा आहे, थोडा विरोधी सूर लावतो. सगळ्याच निर्बंधांना विरोध केलात तर हरकत पडेल, आणि पडायलाच हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकल, दुचाकी, पादचारी कोणीच नसावेत हे बरोबर आहे. प्रवेश नियंत्रित आहे, वेग जास्त आहे आणि शेजारी जुना महामार्ग आहे. समृद्धी, अटल सेतू यांचंही तेच. तिथे भांडू नका. तुमची रेघ अशी हवी: प्रवेश-नियंत्रित मार्ग आणि समांतर रस्ता असेल तर मनाई चालेल; गावातून जाणारा, दुकानं-शाळा-वस्ती लागून असलेला रस्ता, तो कागदावर राष्ट्रीय महामार्ग का असेना, तिथे मनाई चालणार नाही.

आणि सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते, आणि सायकलवाल्यांचा वाटा सुमारे ३ टक्के. कागदावर हा आकडा लहान दिसतो, पण मोटारीने सायकलला उडवलं तर मरतो तो सायकलवालाच. सायकल १५ ने आणि मोटार ७० ने जाते, त्या फरकाचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

कलमवाचक

@पदर_आणि_वळण, द्रुतगती मार्गाबद्दल पूर्ण सहमत. ती सवलत हरकतीत पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकावी, पुढचं सगळं मग गांभीर्याने वाचलं जातं.

वेगाच्या फरकाबद्दल: फरक दोन बाजूंनी कमी करता येतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने पालिका हद्दीत मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० ही वरची मर्यादा आहे. पण कलम ११२(२) खाली राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला विशिष्ट रस्त्यावर ती खाली आणता येते. म्हणजे सायकल हटवायच्या आधी, त्याच कायद्यात असलेला सौम्य उपाय वापरून पाहिला का, हा प्रश्न रास्त ठरतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ड) मधल्या संचारस्वातंत्र्यावर १९(५) खाली ‘वाजवी’ निर्बंधच चालतो, आणि वाजवीपणाच्या कसोटीत हेच येतं: हेतू योग्य आहे का, उपायाने तो साधतो का, यापेक्षा कमी जाच असलेला उपाय होता का, आणि ज्याच्यावर बोजा पडतो त्याच्या मानाने लाभ किती. दूधवाला, पाववाला, डबेवाले यांच्यासाठी १९(१)(ग) म्हणजे व्यवसायाचं स्वातंत्र्यही येतं.

चौकमोजणी

वेगाचं गणित देऊन ठेवतो. चालकाला प्रतिक्रियेला १ सेकंद आणि कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक धरले, तर ५० च्या वेगाला थांबायला साधारण २८ मीटर लागतात, ८० ला साधारण ५८ मीटर. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. दुप्पट अंतर फक्त ३० किलोमीटरच्या फरकाने.

केंद्राच्या २०२२ च्याच रस्ते अपघात अहवालात ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले आहेत. म्हणून अपघातांची माहिती मागताना ‘सायकलस्वारांचे अपघात किती’ एवढंच विचारू नका. विचारा: धडक देणारं वाहन कोणतं, मागून की बाजूने, वेळ कोणती, रस्त्यावर दिवे होते का. संध्याकाळी ७ नंतरचे मागून धडक दिलेले अपघात जास्त निघाले, तर तिथे लागतात दिवे आणि मागचे लाल परावर्तक. सकाळी ८ ते ११ ची मनाई त्यावर काहीच करत नाही.

आणि हा रस्ता ‘ब्लॅक स्पॉट’ आहे का तेही मागा. व्याख्या ठरलेली आहे: राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटरच्या तुकड्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. राज्यांच्या रस्त्यांनाही बहुधा हीच फूटपट्टी लावतात. यादीत नसेल तर सुरक्षिततेचं कारण लंगडं. यादीत असेल तर त्या जागेची अभियांत्रिकी दुरुस्ती का झाली नाही, हा पुढचा प्रश्न.

हावडाब्रिज

कोलकात्याचं उदाहरण नक्की घाला, पण नीट घाला. तिथे २००८ पासून काही रस्त्यांवर सायकलबंदी होती. २०१३ मध्ये ती वाढवून १७४ रस्त्यांवर नेली. सायकलीबरोबर सायकलरिक्षा, हातगाडी वगैरे विनाइंजिन वाहनंही अडकली. कारण दिलं होतं वाहतुकीचा वेग. विरोध झाल्यावर यादी ६२ रस्त्यांवर आली, बंदी मात्र उठली नाही. जून २०२० मध्ये साथीत बस-लोकल तुटल्यावर तिथल्याच सरकारला सायकल चालू द्यावी लागली.

यातून उचलायचं ते हे. विरोध ‘रस्त्यांची यादी लांब आहे’ यावर केला की यादी छोटी होते आणि तत्त्व कायम राहतं. मग दर वर्षी त्यात दोन-दोन रस्ते वाढवायचं हत्यार प्रशासनाच्या हाती राहतं. यादीवर घासाघीस करू नका. बंदी कोणत्या अटींवर घालता येईल त्या अटी नियमात लिहून घ्या.

दुसरं, तिथे मार खाल्ला तो दूध, मासळी, पेपर, पार्सल पोचवणाऱ्यांनी, आणि बातमीत दिसले हेल्मेट घातलेले छंदी सायकलस्वार. हरकतींच्या गठ्ठ्यात पहिल्या गटाच्या सह्या-अंगठे कमी असले की ‘हा हौशी लोकांचा विषय आहे’ असा शेरा पडतो. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांत कामावर सायकलने जाणारे साधारण १३ टक्के, म्हणजे अडीच कोटींच्या वर होते. यंत्रमागाच्या शहरांत, औद्योगिक वसाहतींच्या पाळीच्या वेळेला गेटबाहेर उभं राहिलं तर ते आजही दिसतात.

चाकोरी

महाराष्ट्रातला एक विसंवाद जरूर दाखवा. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्य सरकार मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली देतं. शाळेची वेळ बंदीच्या वेळेतच येते. एका विभागाने सायकल द्यायची आणि दुसऱ्याने रस्ता बंद करायचा, हे विधिमंडळात विचारण्यासारखं आहे. कलम २१२ प्रमाणे राज्याचे नियम विधिमंडळासमोर ठेवावे लागतात, तेव्हा स्थानिक आमदारांना मसुद्याच्या मुदतीतच पत्र द्या.

मसुद्यात बंदी उघडउघड नसेल तरी तीन छुपी कलमं शोधा.

एक, ‘सायकल मार्ग असेल तिथे त्याचाच वापर सक्तीचा’. दिसायला निरुपद्रवी, पण आपल्याकडे सायकल मार्गात विजेचे डीपी, झाडं, टपऱ्या, दुचाकी आणि दर ३० मीटरवर दुकानाचा उतार असतो. पुण्यात तर रस्त्यारस्त्यावर हे दिसतं. सक्ती झाली की असल्या मार्गाबाहेर अपघात झालेल्या सायकलवाल्यालाच दोषी धरून भरपाई कापतील. जर्मनीत ही सक्ती सरसकट होती. १९९७ च्या दुरुस्तीने ती फक्त निळा गोल फलक असलेल्या मार्गांपुरती आणली आणि २०१० मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की त्या जागी नेहमीपेक्षा विशेष धोका असल्याखेरीज असा फलकही लावता येणार नाही. आपल्या मसुद्यात ‘सक्ती’च्या जागी ‘मुभा’ हा शब्द पाहिजे.

दोन, नोंदणी किंवा परवाना. जुन्या लोकांना नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल. दर वर्षी कर भरायचा, पत्र्याचा बिल्ला दांडीला अडकवायचा. स्वित्झर्लंडमध्येही विम्याचा स्टिकर होता, तो २०१२ पासून काढून टाकला. कोट्यवधी सायकलींची नोंदणी ठेवण्याचा खर्च येणाऱ्या शुल्कातून निघत नाही, आणि अपघात एकही कमी होत नाही.

तीन, ‘रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने’. ‘अगदी’ हा शब्द घातक. कडेला गटाराची जाळी, वाळू, फुटलेली काच आणि उभ्या मोटारीचं उघडणारं दार असतं. दार उघडल्यावर साधारण १ मीटर बाहेर येतं, म्हणजे उभ्या गाड्यांपासून सव्वा ते दीड मीटर लांब चालवणं हेच शहाणपण. ‘सुरक्षित असेल तितक्या डावीकडून’ अशी शब्दरचना सुचवा. सोबत ओलांडताना १.५ मीटर अंतर ठेवायचं बंधन मोटारवाल्यावर घाला. जर्मनीत २०२० पासून शहरात १.५ आणि शहराबाहेर २ मीटर हा नियम आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंत किमान १.५ मीटर आहे.

फ्रीव्हील

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. हरकतीत ‘नियम काढून टाका’ असं लिहायचं की ‘नियम असा बदला’ असं? आणि पोलिसांच्या प्रस्तावाची कागदपत्रं अजून बाहेर आलेलीच नाहीत, ती कशी मिळवायची?

कलमवाचक

बदललेली वाक्यं द्या. कक्ष अधिकाऱ्याला मसुद्याच्या शेजारच्या रकान्यात उतरवता येईल असं वाक्य दिलं तर ते टिपणीत जातं. नुसता विरोध ‘नोंद घेतली’ या शेऱ्यात संपतो. हे घ्या, हवं तसं बदला:

‘(क) प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्ग वगळता कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर, पुलावर किंवा घाटात सायकलच्या प्रवेशावर निर्बंध घालणारी अधिसूचना, सलग, डांबरी किंवा काँक्रीटचा, रात्री प्रकाश असलेला पर्यायी मार्ग प्रत्यक्ष वापरात आल्याखेरीज काढता येणार नाही. 
(ख) अशा पर्यायी मार्गाने पडणारं जादा अंतर ५०० मीटरपेक्षा अधिक असणार नाही. 
(ग) अधिसूचनेसोबत मागील ३ वर्षांची अपघातांची वाहननिहाय माहिती, वाहनांची वर्गीकृत मोजणी आणि वेगमर्यादा कमी करणं व पार्किंग हटवणं हे उपाय का पुरेसे नाहीत याची लेखी कारणं प्रसिद्ध केली जातील. 
(घ) अशी अधिसूचना ६ महिन्यांनी आपोआप संपेल. मुदतवाढीसाठी पुन्हा हरकती मागवल्या जातील. 
(च) या नियमांच्या भंगासाठी सायकल जप्त करता येणार नाही.’

(ख) मधले ५०० मीटर हा माझा प्रस्ताव आहे, कायद्यातला आकडा नव्हे. तुमच्या मोजणीवरून ठरवा, पण आकडा घालाच. ‘वाजवी अंतर’ असं लिहिलंत तर ४ किलोमीटरही कोणाला तरी वाजवी वाटतील. (च) वर अडून बसा. शे-दोनशे रुपयांचा दंड भरता येतो; सायकल ठाण्यात गेली की दुसऱ्या दिवशीचा रोजगार गेला.

आणि १३८(१अ) सोबत २१०ड चा उल्लेख प्रत्येक पानावर करा. २१०ड खाली राज्याने रस्त्यांच्या रचना-बांधणी-देखभालीची मानकं ठरवायची आहेत. न्यायालयाने दोन्ही एकत्र मागितले आहेत, तेव्हा आधी रस्ता सायकलजोगा करायचं मानक आणि मगच प्रवेशाचं नियमन, हा क्रम धरून बसा. सायकल मार्गाच्या आखणीसाठी आयआरसी ११-२०१५ आहेच. ते मानक म्हणून नियमात नावानिशी घालायला सांगा.

कागदपत्रांसाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, त्यामुळे दोन अर्ज करा. पहिला वाहतूक शाखेला: प्रस्तावाची टिपणी, ज्या कलमाखाली आहे ते कलम, वाहनमोजणी, पर्यायी मार्गाचा नकाशा. दुसरा त्याच कार्यालयाला अपघातांसाठी: दोन चौकांची नावं देऊन, ३ वर्षं, वाहननिहाय. शुल्क प्रत्येकी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प किंवा ऑनलाइन. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. ‘अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर आलं तर ते जपून ठेवा. मोजणी न करताच प्रस्ताव आला याचा तो लेखी पुरावा आहे. उलट ‘का बंदी करता?’ असा प्रश्न अर्जात लिहू नका. कारण विचारणारा प्रश्न फेटाळता येतो, कागद मागणारा फेटाळणं अवघड.

पदर_आणि_वळण

पुलासाठी एक जोड. दोन पदरी पुलावर गाडीमार्ग साधारण ७.५ मीटर असतो. सायकलस्वाराला डोलण्यासकट १ मीटर लागतो, मोटार १.८ आणि मधलं अंतर १.५. म्हणजे ४.३ मीटर, पलीकडचा पदर मोकळा असल्याशिवाय ओलांडता येत नाही. अभियंता याच कारणाने सायकल बंद करा म्हणतो. त्यावर तुमचा उपाय असा असू द्या: गर्दीच्या वेळात पुलावर वेग ३० आणि ओलांडायला मनाई. ३०० मीटरचा पूल १५ च्या वेगाने पार करायला ७२ सेकंद लागतात, ३० च्या वेगाने ३६. सायकलमागे राहिलं तर मोटारवाल्याचे ३६ सेकंद गेले, सायकलवाल्याचे वळशात १६ मिनिटं. हे दोन आकडे एका ओळीत शेजारी छापा. आणि सुट्या जोडांच्या लोखंडी पट्ट्या सायकलच्या चाकाला समांतर फट ठेवत असतील तर फोटो जोडा, त्या बदलणं सार्वजनिक बांधकाम खात्याचं काम आहे.

चाकोरी

हरकत देताना: १३८(१अ) च्या मसुद्याची गृह विभागाच्या परिवहन शाखेकडे, मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर, दोन्हीकडे. पोलिसांच्या प्रस्तावाची आयुक्तालयात किंवा आयुक्तालय नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. ५०० जणांनी एकाच छापील पत्रावर सह्या केल्या की ती एक हरकत म्हणून मोजली जाते. त्यापेक्षा ४० वेगवेगळी पत्रं द्या, प्रत्येकात आपला रस्ता, आपली वेळ, आपलं काम. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं पत्र दुसऱ्याने लिहून, वाचून दाखवून, अंगठ्याखाली लिहिणाऱ्याची सही घ्या. आवक खिडकीवर नुसता शिक्का घेऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख हाताने लिहून घ्या. मुदत संपायच्या आदल्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी खिडकी ३ वाजताच बंद झालेली असते.